पळसदेवच्या भिंतींवरचा प्रबंध

पुणे

ग्रंथालयातलं एखादं पुस्तक हवं असेल तर माणूस फार तर एक जिना चढतो. मी बारामती, इंदापूर आणि पळसदेव करून आले. यंदा सुट्टीत कुठे गेली होतीस असं मैत्रिणी विचारतात तेव्हा मी "लायब्ररीत" असं सांगते. त्यांना ती माझी नेहमीची तऱ्हा वाटते.

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात कार्डांची लाकडी कपाटं आहेत. लहान लहान खण, प्रत्येकाला पितळी कडी. खण ओढायचा आणि कार्डं बोटांनी मागे टाकत जायचं. मला हवं असलेलं कार्ड तिथे होतं. धरणाच्या आधी पळसदेव गावात राहून एका विद्यार्थ्याने केलेला अर्थशास्त्राचा प्रबंध, टाइप केलेला, इंग्रजीत. शेवटी परिशिष्ट, आणि परिशिष्टात गावातल्या प्रत्येक कुटुंबाचं एक स्वतंत्र पान: जमीन किती, विहीर आहे का, पिकं कोणती, जनावरं किती.

ते जुनं गाव आता उजनीच्या पाण्याखाली आहे. लोक वर येऊन राहिले, कोरडवाहू ज्वारीच्या जागी ऊस आला. माझा एम.फिल.चा विषय एवढाच होता की धरणाआधीचं घर आणि धरणानंतरचं घर शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. नंतरचं मी स्वतः जाऊन विचारू शकत होते. आधीचं फक्त त्या परिशिष्टात होतं.

कार्ड होतं, प्रबंध नव्हता. काउंटरवरच्या गृहस्थांना मी हे सांगितलं.

"कार्ड आहे ना?"

"आहे."

"मग पुस्तक आपल्याकडे आहे."

"पण शेल्फवर नाही."

"म्हणजे बाहेर गेलंय. पण आहे आपलंच."

यापुढे त्यांना काही म्हणायचं नव्हतं. एकच प्रश्न एकाच माणसाला दुसऱ्यांदा विचारणं मला फार जड जातं. तरी मी तो रोज जाऊन विचारला, बहुधा त्यांच्या डोळ्यांतलं 'आली पुन्हा' वाचत. शेवटी कंटाळून त्यांनी एक चिठ्ठी काढली. प्रबंध बारामतीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने मागवून घेतला होता. कधी, असं मी विचारलं. "झाले थोडे दिवस," असं म्हणून त्यांनी तारखेवर अंगठा ठेवला.

माझे गाईड स्पष्ट बोलतात. "जूनमध्ये विषय मंजुरीची समिती बसेल. तोपर्यंत धरणाआधीचे आकडे हातात नसतील तर हा विषय सोडायचा. माझ्याकडे बँकांच्या ठेवींवरचा एक विषय आहे, तो घ्या." म्हणजे वर्षभराचं वाचन पाण्यात आणि पुढची दोन वर्षं ठेवी. ठेवींशी माझं वैर नाही. त्यांच्याबद्दल मला काहीच वाटत नाही, हेच दुखणं होतं.

बारामती

बारामतीत मी आईच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या बहिणीकडे उतरले. पुण्यात आमच्या घरी कुणी यायचं असेल तर आधी फोन येतो, आणि आलेला माणूस कशासाठी आलाय हे शेजाऱ्यांना कळायचं काही कारण नसतं. इथे मी हातपाय धुऊन बाहेर येईपर्यंत "पुण्याहून एक मुलगी पुस्तकासाठी आली आहे" ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक दारातून विचारणा. दळण घेऊन जाणारी बाई थांबून विचारायची, "घावलं का गं पुस्तक?" मी मान हलवायची. "मग एवढ्या लांबनं आलीस ते?" या प्रश्नाला काय उत्तर असतं?

महाविद्यालय सुट्टीमुळे रिकामं होतं. ग्रंथालय सकाळचं थोडा वेळ उघडं. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, प्रत्येक कपाटाला कुलूप, आणि सगळ्या किल्ल्या ग्रंथपालांच्या कमरेला. वर्षअखेरीला मोजणीत पुस्तक कमी भरलं तर ते ग्रंथपालाच्या पगारातून जातं, म्हणून पुस्तकं लोकांच्या हाती कमीत कमी पडावीत अशी ही व्यवस्था. मला त्यात चूक काढता येईना. राग मात्र येत राहिला.

ग्रंथपाल सज्जन होते. पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला, चहा सांगितला. मी प्रबंधाचं नाव सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तो वाचनात आहे," ते म्हणाले.

"कुणाच्या?"

"आहे एक वाचक. चांगला माणूस आहे."

"कधी परत येईल?"

"सावकाश वाचतो. पण जाणकार आहे."

मी दोन दिवस त्या बाकावर बसले. रोज चहा आला, रोज पंखा वळला, रोज प्रबंध वाचनात होता. नाही असं कुणी म्हणत नाही. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की थेट विचारा, थेट उत्तर मिळेल. ते शिकवणाऱ्या मिस कधी बारामतीला आल्या नसाव्यात.

तिसऱ्या सकाळी मी काहीच विचारलं नाही. नुसती बसून राहिले, कारण बोलण्याचं त्राण नव्हतं. त्या गप्प बसण्याचा जो परिणाम झाला तो माझ्या कुठल्याही प्रश्नाचा झाला नव्हता. ग्रंथपाल आपली खुर्ची ओढून जवळ आले आणि दाराकडे बघत हळू आवाजात बोलू लागले.

"बाई, दुसऱ्या ग्रंथालयाचं पुस्तक आम्हाला बाहेर देता येत नाही. इथेच बसून वाचायला द्यायचं. पण इंदापूरचे गलांडे सर आहेत, हायस्कूलला शिकवतात. बाहेरून एम.ए. करत होते. मूळचे पळसदेवचे. त्यांनी त्यात आजोबांचं नाव बघितलं आणि इथेच, तुम्ही बसला आहात ना, त्याच बाकावर रडायला लागले. मग मी काय करायचं?"

मी त्या बाकावर जरा सरकून बसले.

"घेऊन जा म्हटलं. दोन दिवसांत आणून देतो म्हणाले. त्याला वर्षं झाली. भेटले की चहा पाजतात, पुस्तकाचं बोलत नाहीत. मलाही विचारायला कसंतरी वाटतं." त्यांनी पत्ता एका चिटोऱ्यावर लिहून दिला. "पुण्यात सांगू नका हं."

इंदापूर

एस.टी. भवानीनगरला थांबली तेव्हा शेजारी वांग्यांचं पोतं घेऊन एक बाई बसली. साखर कारखान्याचा हंगाम संपला होता, धुराडं शांत. बाईंनी माझं नाव, गाव, बापाचा धंदा, भावंडं आणि लग्न एवढं निमगाव यायच्या आत विचारून घेतलं. आडनावाला मी बगल दिली, तर त्यांनी ते माझ्या बोलण्यावरून ठरवलं आणि चुकीचं ठरवलं. उतरताना मला दोन वांगी दिली. इंदापुरात मी परक्या माणसाच्या दारात उभी राहिले ती हातात वांगी घेऊन.

गलांडे सर चाळिशीचे, गुबगुबीत, पांढरा शर्ट. मी विद्यापीठाचं नाव घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"या, या. वांगी कशाला आणली? आधी जेवा."

"सर, तो प्रबंध..."

"हाय की! पुस्तक कुठं जातंय? आधी जेवा."

आतून त्यांची पत्नी डोकावली. सरांनी तिला सांगितलं, "मॅडम पुण्याच्या हायत, मासं खात न्हाईत. पिठलं टाक." मला कुणी विचारलं नाही. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा मासे असतात. आतून तळणीचा वास येत होता आणि मी पिठलं भाकरी खात होते. "अहो, मी खाते" हे तीन शब्द माझ्या जिभेवर येऊन बसले होते. पण परक्यांच्या घरी आपणहून काही मागायचं कसं, हे मला आजवर जमलेलं नाही.

जेवण झालं, सुपारी झाली. मग सरांनी लोखंडी कपाट उघडलं आणि प्रबंध माझ्या हातात ठेवला. काळं कापडी कव्हर, पाठीवर सोनेरी अक्षरं. आमच्या ग्रंथालयाचा शिक्का. मला एकदम इतकं बरं वाटलं की मी हसले. सरही हसले, पण जरा उशिरा.

मी शेवटाकडून उघडला. शेवटी कव्हर होतं आणि कव्हराच्या आधी शिलाईचा सुटलेला दोरा लोंबत होता. प्रस्तावना होती, पहिलं प्रकरण, दुसरं, तिसरं, सगळं जागच्या जागी. परिशिष्ट नव्हतं.

"सर, यातली पानं?"

"गावात हायत," सर भिंतीकडे बघत म्हणाले.

"गावात म्हणजे?"

"ज्याचं त्याच्याकडं."

हळूहळू जे बाहेर आलं ते असं. सर प्रबंध चुलतीला दाखवायला पळसदेवला घेऊन गेले. तासाभरात अंगण भरलं. जुनं गाव गेलं तेव्हा फोटो फार थोड्यांकडे होते. इथे तर आजोबा-पणजोबांची नावं छापल्यासारखी, पुण्याच्या विद्यापीठाच्या कागदावर. सगळ्यांना आपापलं पान पाहिजे. झेरॉक्स काढून देतो म्हणाले तर इंदापूरचं मशीन बंद, दुरुस्तीचा माणूस सोलापूरहून यायचा होता. शिलाई तशीही सैल झाली होती. मग एकेकाने आपलं पान हलकेच काढून घेतलं, मशीन चालू झालं की आणून देतो या बोलीवर.

"मशीन चालू झालं का?" मी विचारलं.

"झालं की. लगेच झालं."

"मग?"

"आता देवाजवळ लावलेलं पान कुणाकडं मागायचं, मॅडम?"

मी आयुष्यात फार कमी वेळा मोठ्याने बोलले आहे. त्या दिवशी बोलले. "सर, ते लायब्ररीचं पुस्तक आहे!" माझा आवाज फाटला. सरांनी मान खाली घातली. त्यांच्या पत्नीने तेवढ्यात माझ्या ताटलीत आणखी एक सुपारी ठेवली. ओरडणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं याचं त्या घरातलं उत्तर बहुधा तेच होतं.

पळसदेव

दुसऱ्या दिवशी सर मला पळसदेवला घेऊन गेले. लोकांनी काही बोलू नये म्हणून पत्नीही सोबत आली. उतरायचं त्यांच्या चुलतीकडे, हौसाआक्कांकडे. आक्का साठीच्या पुढच्या, उभ्या बांध्याच्या. घरामागे उसाचा पट्टा, त्यापलीकडे वांगी-टोमॅटो, त्यापलीकडे धरणाचं पाणी. उन्हाळ्याने पाणी बरंच मागे सरलं होतं आणि जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं. त्याच्याकडे फक्त मीच बघत होते.

पहिलं पान आक्कांच्या माजघरात होतं. देव्हारा आणि खताच्या कंपनीचं कॅलेंडर यांच्या मध्ये, काचेच्या फ्रेममध्ये, प्लास्टिकच्या फुलांच्या हारासकट.

"आमच्या मामंजींचा फोटो न्हाय," आक्का म्हणाल्या. "फोटू काढला की माणूस लवकर जातं म्हणायचे, कधी काढूनच दिला न्हाय. आता ह्योच त्यांचा फोटू."

काचेवर रोज कुंकू लावलं जात होतं आणि ते नेमकं जनावरांच्या रकान्यावर. फ्रेम खाली उतरवायची नाही. मी स्टुलावर चढून, मान वाकडी करून आकडे वहीत उतरवून घेऊ लागले. घाम वहीवर ठिबकत होता.

"वाच की मोठ्यानं," आक्का खालून म्हणाल्या. "आमाला कुठं इंग्रजी येतंय? पोरगा म्हणाला नाव हाय, आमी म्हटलं बरं हाय."

मी इंग्रजी वाचत मराठीत सांगू लागले. नाव बरोबर. घरातली माणसं बरोबर. विहीर, एक, बरोबर.

"म्हशी, एक."

"किती?"

"एक."

"एक? तीन हुत्या!" आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी या घरात आले तवा तीन म्हशींचं शाण उचलत हुते, बाई. दोन काय माझ्या माहेरच्यांनी उचलल्या का?"

"इथे एकच लिहिली आहे."

"बग गं नीट. कुंकवाखाली असंल."

कुंकवाखाली शेळ्या होत्या. त्याही कमी निघाल्या. ज्वारी निम्म्याने कमी. आक्कांनी फ्रेममधल्या सासऱ्यांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू म्हाताऱ्याने इतकी वर्षं भिंतीवर बसून त्यांची फसवणूक केली होती.

ही आमची सुरुवात. मग घर ते घर. मी पुढे, सर मागे, आक्का सगळ्यांच्या पुढे. कुठे पान फ्रेममध्ये, कुठे खताच्या पिशवीत गुंडाळून पेटीत, एका घरी दुभत्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं, तुपाच्या डागांनी पारदर्शक झालेलं. एका घरी पान लेकीबरोबर सासरी गेलं होतं, कारण तिचा आजोबांवर फार जीव. एका घरी दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा पानही मधून फाडून वाटलं होतं. धाकट्याकडे जमीन आणि विहीर, थोरल्याकडे पिकं आणि जनावरं. आमच्याकडे घरातलं काही हवं असलं की ड्रॉवर उघडतात. इथे प्रत्येक वेळी आधी चहा, मग पानाला नमस्कार, मग वाचन, मग भांडण.

कारण प्रत्येक घरी तेच झालं. आकडा वाचला की घरातलं म्हातारं माणूस म्हणे, "न्हाय, न्हाय, चुकलंय." आणि चूक नेहमी एकाच बाजूची, कमीची. जास्त कुणाचंच लिहिलेलं नव्हतं. मी वहीत दोन रकाने आखले. डाव्या बाजूला पानावरचं, उजव्या बाजूला माणसाने सांगितलेलं. डावा रकाना स्वच्छ दिसत होता. उजवा खाडाखोडीने काळा. मला उजव्याचा राग येत होता. मला समितीपुढे ठेवायला आकडे हवे होते आणि हे लोक माझ्याच आकड्यांची मोडतोड करत होते.

सगळ्यात शेवटचं घर तात्यांचं. तात्या गावात वडीलधारे, पांढरी टोपी, ओटीवर पितळी तांब्या. त्यांनी आपलं पान आधीच काढून ठेवलं होतं. मी वाचलं. तात्या प्रत्येक ओळीला मान डोलावत गेले.

"काही चुकलंय का तात्या?"

"न्हाय. जसं सांगितलं तसंच लिवलंय बिचाऱ्यानं."

"तुम्हाला आठवतो तो?"

"आठवतो म्हंजी? माझ्याच घरी जेवायचा. बारीक पोरगं, तुमच्यासारखंच, तोंडातनं शब्द फुटंना. रोज गावात फिरायचा अन् रोज रिकामा परत यायचा. सुगीचं दिवस, माणसं रानात, घरी बायका. बायका परक्या माणसाला काय सांगणार? उन्हानं काळा ठिक्कर पडला. मला दया आली. म्हटलं, बस हितं. तू लिव, मी सांगतो."

"कुणाचं सांगितलंत?" मी विचारलं.

"सगळ्यांचं."

"सगळ्यांचं म्हणजे?"

"सगळ्या गावाचं. आमच्या ओट्यावर बसून. मी तवा गावातला सातवी पास. कुणाची किती जमीन, किती ढोरं, मला काय ठाव न्हवतं व्हय?"

मी वही मिटली की उघडीच ठेवली हे मला आठवत नाही. आक्कांना मात्र मुद्दा लगेच समजला.

"तात्या, मग आमच्या म्हशी एक कुणी सांगितली?"

तात्यांनी टोपी सारखी केली. "अगं, ते लेव्हीचं दिवस. सरकारात धान्य घालायला लागायचं. ह्यो माणूस पुण्यावरनं आलेला, कागद घेऊन. सरकारचा न्हवं म्हणायचा, पण कुणी सांगावं? म्हणून सगळ्यांचं थोडं थोडं कमी सांगितलं. माझं बी."

"दोन म्हशी थोडं व्हय?"

"वहिनी, तुमच्याच भल्यासाठी..."

"भलं! मामंजींना हार घालतीय मी रोज, अन् आत तुमी बसलाय!"

सर हसू दाबायला अंगणात गेले. मला हसू येत नव्हतं. एका गावाची आधीची अर्थव्यवस्था म्हणून मी जिच्यामागे तीन ठिकाणं पालथी घातली ती एका माणसाने, एका ओट्यावर, लेव्हीच्या भीतीने सांगितली होती. आणि सांगून वर जेवू घातलं होतं.

"तात्या, किती कमी सांगितलं होतंत? म्हणजे निम्मं, का..."

"आता त्येचं काय गणित असतंय, पोरी? माणूस बगून."

संध्याकाळ व्हायच्या आत आक्कांनी गाव आपल्या अंगणात बोलावलं. मी नको म्हणत होते. मला परत जायचं होतं, मला तो डावा रकाना पुरे होता. पण आक्कांनी माझ्या हातात वही दिली आणि मला मधल्या बाजेवर बसवलं. पन्नास माणसांच्या मध्ये बसणं ही माझी आयुष्यभराची भीती आहे. मी वहीतच बघत राहिले.

"चला, येकेकानं सांगा," आक्का म्हणाल्या. "पण सगळ्यांदेखत."

एक म्हातारा उठला. "आमची सहा बैलं."

"सहा?" मागून कुणीतरी. "त्यातली जोडी माझी हुती! पेरणीला दिल्याली!"

"परत केली का त्यानं?"

"न्हाय अजून!"

हशा झाला. मी सहा खोडून चार लिहिले. एकाने विहिरीला बारमाही पाणी सांगितलं तर तिच्यातून पाणी भरलेल्या तीन बायका एकदम बोलल्या, "संक्रांतीपातूर." तात्यांनी कुणाची तरी ज्वारी सांगायला तोंड उघडलं आणि अख्खं अंगण ओरडलं, "तात्या, तुमी गप!" तात्या खुशीत गप्प बसले. कुणी फुगवून सांगितलं की शेजारी टाचणी लावत होता. कुणी कमी सांगितलं तर जावा-भावजया वाढवत होत्या. मी लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. माझा हात दुखत होता आणि मी वैतागले होते, पण कुठेतरी माझं लक्ष त्या वैतागावरून उडालं होतं. आपण कुणाकडेही मान वर करून "थांबा, एका वेळी एक" असं मोठ्याने म्हणतो आहोत, हे माझ्या लक्षात आलं ते म्हणून झाल्यावर.

पानं कुणीच परत दिली नाहीत. आक्कांनी सासऱ्यांच्या फ्रेमचा हार मात्र थोडा वर सरकवला, म्हशींचा रकाना झाकला जाईल असा.

भिगवण

भिगवणला मला गाडी बदलायची होती. सर आणि त्यांची पत्नी इंदापूरला परतले होते. हमरस्त्याकडेच्या एका खानावळीत मी एकटी बसले आणि कुणी काही ठरवायच्या आत चिलापी माशाची आमटी मागितली. ती तिखटजाळ होती. डोळ्यांतून पाणी काढत मी सगळी संपवली.

वही शेजारी होती. डावा रकाना आणि उजवा रकाना. समितीला डावा पुरला असता. विद्यापीठाचा प्रबंध, विद्यापीठाचं परिशिष्ट, कुणी शंका काढली नसती. तात्यांचा ओटा कुणाला माहीत होता? मी बोलणारी मुलगी नाही. न बोलणं मला सगळ्यात सोपं जातं, आणि इथे तर फक्त न बोलायचंच होतं. उजवा रकाना दाखवला तर गाईड काय म्हणणार हे मला पाठ होतं: आठवणींवर अर्थशास्त्र उभं राहत नाही. मग ठेवी.

खानावळीचा मालक येऊन म्हणाला, "ताई, गाडी लागली." मी वही उचलली. काहीही ठरलं नव्हतं.

पुन्हा पुणे

गाईडनी दोन्ही रकाने पाहिले. पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हा डावा प्रबंधातला?"

"हो सर. म्हणजे तात्यांचा." आणि मग मी सगळं सांगितलं. ओटा, लेव्ही, जेवण, थोडं थोडं कमी. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला, पण थांबला नाही.

"आणि हा उजवा?"

"गावाचा."

"वीस वर्षांमागच्या आठवणी. आठवणींवर अर्थशास्त्र उभं राहत नाही."

"सर, डावा रकानाही आठवणच आहे," मी म्हणाले. "एकट्या माणसाची."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं त्यांच्या वर्गात होते, त्यांनी माझा आवाज फार तर हजेरीला ऐकला असेल.

"प्रत्येक तक्त्याखाली स्रोत लिहावा लागतो, माहीत आहे ना? या उजव्या रकान्याखाली काय लिहिणार आहात?"

मी कागद पुढे केला. रात्री तक्ते साफ करताना मी ती ओळ लिहून ठेवली होती: 'पळसदेवच्या ग्रामस्थांनी, हौसाआक्कांच्या अंगणात जमून, एकमेकांसमोर व एकमेकांना दुरुस्त करत सांगितलेली माहिती.'

त्यांनी पेन उघडलं. 'हौसाआक्कांच्या अंगणात जमून' खोडलं. 'ग्रामस्थांनी'पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ओळीच्या अर्ध्यावर पेन थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं.

"दोन्ही रकाने ठेवा. फरक का पडला त्यावर एक प्रकरण लिहा, समितीला मी सांगतो," ते म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. "या ओळीतलं 'एकमेकांसमोर' तेवढं राहू दे. बाकी सगळं परत लिहून आणा."